आडनावापर्यंत घर मिळते

वाचकाचे पत्र (थोडे संक्षिप्त करून):

मी परभणी जिल्ह्यातील एका खेड्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर मराठी शिकवते. मुलगी यंदा दहावी चांगल्या गुणांनी उत्तीर्ण झाली. तिला डॉक्टर व्हायचे आहे, म्हणून अकरावी-बारावी आणि नीटच्या क्लाससाठी तिला लातूरला ठेवायचे ठरवले. सोबत माझ्या सासूबाई राहतील आणि मी शनिवारी जाऊन सोमवारी पहाटेच्या गाडीने परत येईन, असा बेत होता. दीड महिन्यात आम्ही अकरा घरे पाहिली. आमचे आडनाव हिंदूंत आणि मुसलमानांत, दोन्हीकडे असते. त्यामुळे फोनवर सगळे नीट बोलतात, भाडे ठरते, नळाला किती दिवसांनी पाणी येते तेही सांगतात. पहिले नाव कळले की घर ‘कालच गेलेले’ असते. एका अपार्टमेंटमधील फ्लॅटचे मालक पुण्याला असतात. त्यांनी आनंदाने होकार देऊन ५ हजार रुपये टोकन घेतले आणि चार दिवसांनी ‘सोसायटीचे लोक ऐकत नाहीत’ म्हणून परत पाठवले. एका मालकीणबाईंनी चहा पाजला, ‘तुमची मराठी किती शुद्ध आहे, तुम्ही मुसलमान वाटतच नाही’ असे कौतुक केले आणि घर मात्र दिले नाही. एका वृद्ध गृहस्थांनी तर दारातच रझाकारांचा, म्हणजे १९४८ पूर्वीच्या निजामाच्या बाजूच्या सशस्त्र टोळ्यांचा, विषय काढला. आता एजंट म्हणतो, पहिले नाव सांगूच नका, मुलीचे घरातले लाडाचे नाव सांगा, ते कोणाच्याही घरात खपून जाईल. मुलगीही म्हणते, ‘अम्मी, सांग ना तेच, काय बिघडते?’ माझ्या पतींचे म्हणणे आहे की आपल्याच मोहल्ल्यात खोली घेऊ, निदान अपमान तरी होणार नाही. भाऊ म्हणतो, सामाजिक बहिष्काराच्या कायद्याखाली तक्रार कर. सध्या मुलगी एका खासगी वसतिगृहात आहे. पहिले आठ दिवस जी मुलगी तिच्यासोबत एका ताटात जेवली, ती आता आपला डबा घेऊन पलंगावर भिंतीकडे तोंड करून जेवते. मी कोणाचे ऐकू?

उत्तर:

ताई,

तुमचे पत्र मी दोनदा वाचले आणि दोन्ही वेळा एकाच गोष्टीपाशी थांबले. अकरा घरे तुम्हाला नाकारली गेली, पण त्यांतल्या एकाही मालकाने ‘तुम्ही मुसलमान आहात म्हणून घर देत नाही’ असे तुमच्या तोंडावर सांगितले नाही. कोणाचे घर कालच गेले, कोणाची सोसायटी ऐकत नाही, कोणी नुसते कौतुक करून निरोप दिला. रझाकारांचा विषय काढणारे ते वृद्ध गृहस्थ तेवढे खऱ्याच्या जवळपास बोलले, त्यांच्याकडे मी पुढे येते. कारण न सांगता दिलेला नकार देणाऱ्याला फार सोयीचा असतो. त्याला स्वतःच्या नजरेत भला माणूस राहता येते, कोणाशी वाईटपणा घ्यावा लागत नाही आणि तुमच्या हाती तक्रारीपुरताही कागद लागत नाही. आता एजंट तुम्हालाही याच न बोलण्यात भागीदार व्हायला सांगतो आहे. म्हणून माझे उत्तर आधी देऊन टाकते. नाव लपवू नका, ते फोनवर पहिल्याच वाक्यात सांगा. नकार आला की कारण विचारा, आणि जिथे सोसायटी मध्ये आहे तिथे ते लेखी मागा.

नाव लपवण्याचा सल्ला व्यवहारातही टिकणारा नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे भाड्याचा करार लेखी आणि नोंदणीकृत असावा लागतो, आणि नोंदणी करून घेण्याची जबाबदारी घरमालकाची असते. करारावर नाव येणार, आधार कार्डाची प्रत लागणार, पोलीस ठाण्यात भाडेकरूची माहिती द्यावी लागली तर तिथेही नाव जाणार. एजंट बहुधा म्हणेल की करार-बिरार कशाला, तोंडीच ठरवून टाकू. तोंडी ठरलेल्या घरातून ऐन दिवाळीत, परीक्षा तोंडावर आलेली असताना, ‘आम्हाला फसवले’ असे म्हणत तुम्हाला बाहेर काढणे किती सोपे जाईल ते पाहा. त्या दिवशी गल्लीतले चार लोक मालकाच्या बाजूने बोलतील, कारण खोटे तुम्ही बोललेल्या असाल. आणि तोवरचे महिने मुलीने काढायचे कसे? दादीला नमाजासाठी आतल्या खोलीत बसवायचे, गॅलरीत फोनवर ‘अम्मी’ म्हणताना आवाज खाली घ्यायचा, ईदचे कपडे पिशवीत घालून मामाच्या घरी जाऊन नेसायचे. भौतिक, रसायन आणि जीवशास्त्र यांच्या जोडीला सोळा वर्षांच्या मुलीने हा चौथा विषय का घ्यावा?

‘काय बिघडते?’ हा तिचा प्रश्न मात्र रागावून उडवून लावू नका. तिला स्वतःच्या नावाची लाज वाटू लागली आहे, अशी तुमची समजूत झाली असेल. मला तसे वाटत नाही. अकरा घरांच्या पायऱ्या चढताना आणि उतरताना तिने तुमचा चेहरा पाहिला आहे. बाराव्या वेळी तो पाहावा लागू नये, एवढीच तिची धडपड दिसते. तिला हे सांगा की तुझे लाडाचे नाव घरच्यांसाठी आहे, घर मिळवण्यासाठी ते बाजारात काढायचे नाही.

तुमच्या आडनावाबद्दल एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. इनामदार, देशमुख, पाटील, चौधरी ही आडनावे मूळची हुद्द्यांची आणि वतनांची आहेत. ज्याच्याकडे इनाम होते तो इनामदार झाला, मग तो मशिदीचा असो की मठाचा. मराठवाड्यात ती दोन्ही समाजांत सापडतात यात नवल काहीच नाही. नवल याचे वाटते की फोनवर ऐकलेल्या आडनावाने ज्यांचा जीव भांड्यात पडतो, त्यांचा तोच जीव पहिल्या नावाने पुन्हा टांगणीला लागतो, आणि मधल्या पाच मिनिटांत समोरच्या माणसात काहीही बदललेले नसते.

फोनवर काय बोलायचे ते मी अगदी शब्दांत देते, कारण ऐन वेळी शब्द सुचत नाहीत. आधी तुमचे पूर्ण नाव सांगा आणि मग म्हणा, ‘आमचे मुसलमान कुटुंब आहे. अकरावीची मुलगी आणि तिची दादी राहणार आहेत. मी जिल्हा परिषदेत शिक्षिका आहे, नोंदणीकृत करार करू. आपल्याला चालत असेल तर घर पाहायला येते.’ याचा तोटा असा की फोनवरचे नकार वाढतील. फायदा असा की परभणी ते लातूर हेलपाटा वाचेल, मुलीला पायऱ्या चढाव्या लागणार नाहीत आणि जो ‘या’ म्हणेल तो सगळे ऐकून म्हणालेला असेल. ज्याने नकार दिला त्याला शांतपणे एवढेच विचारा, ‘आम्ही मुसलमान आहोत म्हणून नाही म्हणता का?’ पुष्कळजण गडबडतील, काही फोन ठेवतील. वाद घालायचा नाही, तारीख आणि वेळ वहीत टिपून पुढच्या नंबराकडे वळायचे. माझा अनुभव असा आहे की हा प्रश्न ऐकल्यावर दहांतला एखादा माणूस खरोखर थांबतो आणि ‘तसे काही नाही, बघा येऊन’ असे म्हणतो. त्याच्यापर्यंत पोचायचे असेल तर प्रश्न विचारावाच लागतो.

हे लिहिताना मला स्वतःला बाजूला ठेवता येत नाही. छत्रपती संभाजीनगर तेव्हा औरंगाबाद होते आणि आम्ही सोळा फ्लॅटच्या एका इमारतीत राहत होतो. मी सोसायटीच्या कमिटीवर होते. दुसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट एका मुसलमान प्राध्यापकांना भाड्याने देतो आहे असे मालकाने कळवले, म्हणून बैठक बोलावली गेली. चहा झाला, बिस्किटे झाली. धर्माचा उच्चार कोणीही केला नाही. एक सदस्य म्हणाले, ‘माणूस चांगलाच आहे हो, पण उद्या त्यांचे पाहुणे येणार, मग पाहुण्यांचे पाहुणे,’ आणि सगळे समजल्यासारखे हसले. इतिवृत्तात लिहिले गेले, ‘पार्किंगच्या अडचणीमुळे तूर्त संमती देता येत नाही.’ त्या प्राध्यापकांकडे एक जुनी लुना मोपेड होती. त्या पानाखाली माझी सही आहे. माझ्या मुलाच्या लग्नाची बोलणी चालली होती, त्याच इमारतीतले एक कुटुंब मध्यस्थ होते आणि मला कोणाशी बिघडवायचे नव्हते. त्या बैठकीत एकाने जरी ‘पार्किंग नको, खरे कारण लिहू या’ असे म्हटले असते, तरी निम्म्या लोकांनी पेन खाली ठेवले असते, असे मला आज वाटते. ते म्हणणारी मी असायला हवी होते. हे उत्तर वाचणाऱ्यांपैकी पुष्कळजण कधी ना कधी अशा खुर्चीवर बसलेले असतील, म्हणून एवढे विस्ताराने लिहिले.

आता भावाच्या सल्ल्याकडे वळते. ज्या कायद्याबद्दल तो बोलतो आहे तो महाराष्ट्राचा सामाजिक बहिष्कार प्रतिबंधक कायदा. विधिमंडळाने तो २०१६ साली मंजूर केला आणि राष्ट्रपतींच्या संमतीनंतर जुलै २०१७ मध्ये तो लागू झाला. त्याखाली ३ वर्षांपर्यंत कैद किंवा १ लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. पण तो जन्माला आला जातपंचायतींच्या जाचातून. माणसाने आपल्याच समाजातील सदस्यावर घातलेला बहिष्कार हा त्याचा गाभा आहे. एका धर्माच्या घरमालकाने दुसऱ्या धर्माच्या भाडेकरूला घर नाकारणे त्यात सरळ बसत नाही. अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तीवर सामाजिक किंवा आर्थिक बहिष्कार घालणे हा अॅट्रॉसिटी कायद्याखाली गुन्हा आहे, २०१५ च्या दुरुस्तीने तसे स्पष्ट झाले. धर्माच्या नावावर घर नाकारण्याविरुद्ध मात्र आपल्याकडे असा स्वतंत्र कायदा नाही. संविधानाच्या कलम १५ चा पहिला भाग शासनाला बांधतो. दुसरा भाग दुकाने, सार्वजनिक उपाहारगृहे, हॉटेले, विहिरी, तलाव, स्नानघाट, रस्ते यांच्याबद्दल बोलतो आणि तिथे खासगी माणसालाही धर्मावरून अटकाव करता येत नाही. भाड्याचे घर त्या यादीत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०११ च्या एका निकालात त्यातील ‘दुकाने’ या शब्दाचा अर्थ खासगी शिक्षणसंस्थांपर्यंत जाईल इतका व्यापक लावला आहे, म्हणून उद्या एखाद्या खासगी वसतिगृहाने, मेसने किंवा क्लासने धर्मावरून प्रवेश नाकारला, तर वकिलाला उभे राहायला जागा आहे. बंगल्याच्या माडीवरच्या दोन खोल्यांसाठी ती जागा फार अरुंद आहे. मुसलमानांच्या स्थितीचा अभ्यास करणाऱ्या न्यायमूर्ती सच्चर समितीने २००६ च्या अहवालात मुसलमानांना घर विकत वा भाड्याने मिळण्यात येणाऱ्या अडचणींची नोंद घेतली आणि समान संधी आयोग असावा अशी शिफारस केली. प्रा. माधव मेनन यांच्या तज्ज्ञ गटाने २००८ साली त्याचा आराखडाही दिला. तो आयोग आजवर झालेला नाही. तुमची फिर्याद ऐकण्यासाठी जे कार्यालय असायला हवे होते, ते कागदावरच राहिले आहे.

म्हणजे हातात काहीच नाही असे नव्हे. अकरा घरांपैकी एका ठिकाणी कागद तयार होऊ शकतो, आणि ते म्हणजे पुण्याच्या मालकांचा फ्लॅट. टोकन घेतले गेले आणि परत आले, म्हणजे बँकेत किंवा फोनमध्ये त्याचा पुरावा आहे. ती इमारत सहकारी गृहनिर्माण संस्था म्हणून नोंदलेली आहे की १९७० च्या अपार्टमेंट मालकी कायद्याखालची आहे, हे आधी मालकांना विचारा, कारण लातूर-नांदेडकडे पुष्कळ इमारतींना लोक नुसते सवयीने ‘सोसायटी’ म्हणतात. नोंदलेली संस्था असेल तर ती १९६० च्या महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाखाली चालते. फ्लॅट भाड्याने देताना सभासदाने संस्थेला कळवायचे असते आणि संस्था त्यावर बिगरभोगवटा शुल्क (मालक स्वतः राहत नसल्याबद्दलची आकारणी) घेऊ शकते. भाडेकरूचा धर्म पाहून नकार देण्याचा अधिकार आदर्श उपविधींत, म्हणजे संस्थांसाठीच्या नमुना नियमावलीत, कोठेही नाही. विरोधी बाजूचा एखादा जाणकार तुम्हाला अहमदाबादच्या पारशी गृहनिर्माण संस्थेचा २००५ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल ऐकवील. तो निकाल आहे, पण त्या संस्थेच्या नोंदणीकृत उपविधीतच सभासदत्व पारशी समाजापुरते ठेवलेले होते आणि वाद त्या उपविधीच्या वैधतेचा होता. लातूरच्या या इमारतीच्या उपविधीत तसे काही लिहिलेले असण्याची शक्यता मला दिसत नाही. नसेल तर अध्यक्षांच्या ‘आमच्यात चालत नाही’ या वाक्याला आधार उरत नाही.

अडचण एकच आहे. संस्थेविरुद्ध तक्रार करण्याचा भक्कम अधिकार सभासदाचा, म्हणजे मालकांचा आहे, तुमचा नाही. त्यांनी आधी होकार दिला होता, तेव्हा माणूस मनाने वाईट नसावा, फक्त दूर बसून भांडण नको असेल. त्यांना फोन करून घर पुन्हा मागू नका. एवढीच विनंती करा की ‘उपविधीच्या कोणत्या कलमाखाली माझ्या भाडेकरूला हरकत घेतली ते लेखी कळवावे’ असे दोन ओळींचे पत्र त्यांनी संस्थेच्या सचिवांना द्यावे. उत्तर आले नाही किंवा आडवळणाचे आले, तर प्रकरण सहकार खात्याच्या उपनिबंधक किंवा सहायक निबंधक कार्यालयात जाऊ शकते. राज्य अल्पसंख्याक आयोगाकडे तुम्ही स्वतः साध्या अर्जाने तक्रार करू शकता. आयोग घराची किल्ली आणून देणार नाही, पण जिल्हा प्रशासनाकडून अहवाल मागवला गेला की अध्यक्षांना निदान एकदा खरे कारण शोधावे लागेल. आणि त्या इमारतीच्या किंवा गल्लीच्या व्हॉट्सअॅप गटात ‘यांना घरे देऊ नका’ अशा आवाहनाचे संदेश फिरत असतील, तर गोष्ट वेगळी होते. एखाद्या धर्माच्या लोकांना त्यांच्या धर्मामुळे नागरिक म्हणून असलेले हक्क नाकारावेत असा सल्ला देणे वा प्रचार करणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम १९७ खाली गुन्हा आहे. असा संदेश कोणी दाखवला तर तारखेसह त्याचा फोटो घेऊन ठेवा आणि वकिलाला दाखवूनच पुढचे पाऊल टाका.

त्या वृद्ध गृहस्थांचे काय करायचे? दारात उभे राहून त्यांच्याशी इतिहासावर वाद घालू नका, घर त्याने मिळणार नाही आणि त्यांचे मतही बदलणार नाही. पण मुलीला तो इतिहास तुम्ही सांगायला हवा, कारण लातूरमध्ये राहायचे तर तो तिला पुन्हा ऐकावा लागेल. रझाकारांचा म्होरक्या कासिम रझवी लातूरलाच वकिली करीत असे आणि त्याच्या टोळ्यांनी मराठवाड्यातील गावे लुटली, जाळली, माणसे मारली, यात काही खोटे नाही. ज्यांच्या घरात ती आठवण आहे त्यांना ती विसरा असे सांगण्याचा कोणाला अधिकार नाही. त्याच वेळी, निजामाचे राज्य भारतात विलीन व्हावे असे लिहिणारा ‘इमरोज’चा संपादक शोएबुल्लाह खान याला रझाकारांनी ऑगस्ट १९४८ मध्ये हैदराबादेत ठार मारले, हेही खरे आहे. आणि निजामाचे राज्य भारतात आणणाऱ्या सप्टेंबर १९४८ च्या लष्करी ‘पोलीस कारवाई’नंतर जे घडले ते पाहण्यासाठी आलेल्या पंडित सुंदरलाल समितीने सर्वाधिक होरपळलेल्या जिल्ह्यांत उस्मानाबाद, नांदेड, बिदर आणि गुलबर्गा यांची नावे घेतली. मारले गेलेले बहुसंख्य मुसलमान होते आणि त्यांतल्या पुष्कळांचा रझाकारांशी संबंध नव्हता. लातूर तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्यातच होते. तुमच्या सासूबाईंच्या माहेरी किंवा सासरी याबद्दल कोणी काही बोलत असे का, ते त्यांना विचारा. पुष्कळ घरांत बोलत नसत. १७ सप्टेंबरला शाळेत झेंडावंदन करताना तुम्ही मुलांना जे सांगता त्यात हे सगळे मावत नाही याची मला कल्पना आहे, पण घरात आपल्या मुलीला ते सांगायला हरकत नाही. २००८-०९ च्या सुमारास जन्मलेल्या मुलीकडे १९४८ चा हिशेब मागणाऱ्या माणसासमोर तिने मान खाली घालू नये, इतके तरी तिला ठाऊक असावे.

‘तुम्ही मुसलमान वाटतच नाही’ म्हणणाऱ्या बाईंचे मला जास्त वाईट वाटले. त्या वृद्धांचा राग उघड आहे. या बाईंनी मात्र तुम्हाला मान द्यायचा म्हणून आधी तुमच्या समाजातून वेगळे काढले आणि मग घर नाकारताना पुन्हा त्याच समाजात नेऊन बसवले. तुमची मराठी शुद्ध आहे कारण ती तुमच्या गावाची भाषा आहे आणि तुमची भाकर तिच्यावर आहे. पुढच्या वेळी कोणी असे म्हणाले तर हसून विचारा, ‘वाटायला काय असायला हवे होते?’ आवाज चढवू नका, पण उत्तराची वाट पाहा. ती शांतता त्यांना भरू द्या.

‘नॉनव्हेज चालत नाही’ हे कारण तुम्ही पत्रात लिहिलेले नाही, पण ते येईल. खरोखर शाकाहारी घर असेल आणि मालक खालीच राहत असतील, तर स्वयंपाकघराबद्दलची अट त्यांनी आधी सांगावी आणि पटली तर तुम्ही ती मान्य करावी, त्यात अपमान नाही. ज्यांच्या स्वतःच्या घरातून रविवारी दुपारी मटणाचा वास जिन्यापर्यंत येतो त्यांनी ही अट घातली, तर तिचे नाव वेगळे आहे हे दोघांनाही कळते.

आता तुमच्या पतींचे म्हणणे. मोहल्ल्यात खोली घेणे ही हार नव्हे, आणि कृपा करून मुलीसमोर तसा शब्दही काढू नका. दादीला बोलायला चार बायका मिळतील, रात्री-अपरात्री दुखले-खुपले तर दार ठोठावता येईल. माझी काळजी दोनच गोष्टींची आहे. क्लास रात्री किती वाजता सुटतो आणि तिथून खोलीपर्यंतचा रस्ता कसा आहे, हे तुम्ही दोघांनी त्याच वेळी एकदा चालून पाहा. दुसरे असे की अपमान नको म्हणून एकेका कुटुंबाने असे आत-आत सरकत जावे आणि मग त्याच वस्तीकडे बोट दाखवून ‘हे लोक आपल्यात मिसळत नाहीत’ असे शहराने म्हणावे, हे चक्र जुने आहे. सच्चर समितीने नोंदवले आहे की काही बँका अशा वस्त्या ‘नकारात्मक क्षेत्र’ म्हणून वगळत आणि तिथे नागरी सोयीही तोकड्या असत. पण हे चक्र मोडण्याची जबाबदारी नीटला बसणाऱ्या मुलीच्या खांद्यावर टाकायची नसते. तेव्हा जुलैअखेरपर्यंत मी सांगितलेल्या पद्धतीने घर शोधा. तोवर नाही मिळाले तर मोहल्ल्यात, रस्ता बरा असलेली खोली नोंदणीकृत करार करूनच घ्या, आणि सोसायटीचा पत्रव्यवहार तुम्ही आणि तुमचे पती मिळून स्वतंत्र चालू ठेवा. मुलीला त्यातले रोजचे काही सांगू नका. अल्पसंख्याक विकास विभागाने काही जिल्ह्यांत मुलींसाठी वसतिगृहे बांधली आहेत आणि त्यांत इतर समाजांच्या मुलीही असतात. लातूरच्या जागा आणि प्रवेशाच्या अटी जिल्हाधिकारी कार्यालयात विचारून ठेवा.

राहिली ती भिंतीकडे तोंड करून जेवणारी मुलगी. ती आठ दिवस एका ताटात जेवली, म्हणजे मूळचा विटाळ तिच्या मनात नव्हता, तो बहुधा फोनवरून घरून आला असावा. तिला जाब विचारायला जाऊ नका आणि वसतिगृहाच्या बाईंकडे तक्रारही नको, त्याने त्या मुलीची मान आणखी भिंतीकडे वळेल. तुमच्या मुलीने आपला डबा पूर्वीच्याच जागी, पूर्वीसारखाच उघडावा. एखादी वही, एखादे सोडवलेले गणित तिच्याकडे सरकवावे आणि डब्याचा विषय तिच्यावर सोडून द्यावा. ती वळली तर ठीक, न वळली तर त्या खोलीत आणखी दोन मुली असतील. इतकेच पाहा की तुमची मुलगी वाद नको म्हणून स्वतः दुसऱ्या भिंतीकडे तोंड करून जेवायला लागलेली नाही. पुढच्या शनिवारी गेलात की दादीच्या हातचे काहीतरी चार जणींना पुरेल एवढे घेऊन जा. ते संपते की उरते, हे नंतर तिला विचारू नका, ती आपण होऊन सांगेल.

पुण्याच्या मालकांनी पत्र द्यायचे कबूल केले तर मसुदा तुम्हीच करून द्या, तुमच्या इतकी नेटकी मराठी त्या कमिटीत कोणाची नसेल. पत्रात राग नको, तुमचा धर्म नको, फक्त तारीख, फ्लॅट क्रमांक आणि कलम कोणते हा एकच प्रश्न. सचिवांनी पोच दिली नाही तर स्पीड पोस्टाने पाठवायला सांगा आणि पावतीचा फोटो तुमच्याकडे मागवून घ्या.